माहितीच्या कोठाराच्या दोन वाटा

कोणत्याही जुन्या दफ्तरखान्यातून कागद मिळविण्याच्या दोन रीती असतात. पहिल्या रीतीत शोधणारा स्वतः आत जातो. कोणत्या कपाटात कोणत्या सालचे रुमाल आहेत आणि कोणत्या रुमालात कोणत्या गावचे कागद आहेत हे त्याला ठाऊक असते; एकेक गाठ सोडीत तो हवा तो कागद हुडकून काढतो. दुसऱ्या रीतीत तो दाराशी थांबतो, काय हवे ते एका चिठ्ठीवर लिहितो आणि ती चिठ्ठी कारकुनाच्या हाती देतो. पहिली रीत जाणकाराला जलद पडते. परंतु कपाटांची मांडणी बदलली की त्याची सारी जाण फुकट जाते. दुसऱ्या रीतीत कपाटे कितीही हलविली तरी जुनी चिठ्ठी चालते; मात्र कारकून हुशार असावा लागतो.

संगणकात साठविलेल्या माहितीचा गेल्या सहा दशकांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या दोन रीतींमधील स्पर्धेचा इतिहास आहे. पहिल्या रीतीला आज थेट प्रोग्रामिंग इंटरफेस म्हणतात. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य यंत्राला पावलागणिक आज्ञा देतो आणि नोंदींपर्यंत स्वतः वाट काढतो. दुसरी रीत म्हणजे एस्क्यूएल ही भाषा. तीत केवळ मागणी सांगावयाची आणि वाट यंत्राने शोधावयाची. मोठमोठ्या संस्थांपुढे, ज्यांच्याजवळ वर्षानुवर्षांच्या व्यवहारांचे डेटा वेअरहाउस म्हणजे माहितीचे कोठार साठलेले असते, हा निवडीचा प्रश्न वारंवार उभा राहतो. वरवर पाहता तो केवळ तंत्रज्ञांचा प्रश्न वाटतो. परंतु माहितीची वाट कोणाला ठाऊक असावी आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाला असावा, हा त्यातील खरा मुद्दा आहे.

प्रारंभी थेट वाटेवाचून दुसरी वाटच नव्हती. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाखमन या अभियंत्याने इंटिग्रेटेड डेटा स्टोअर नावाची प्रणाली घडविली. तीत एक नोंद दुसरीशी दुव्याने जोडलेली असे आणि प्रोग्राम त्या दुव्यांवरून पुढे सरके. त्याच सुमारास अमेरिकेचा चंद्रावर माणूस पाठविण्याचा संकल्प चालू होता. अपोलो यानाच्या असंख्य सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी आयबीएम आणि नॉर्थ अमेरिकन रॉकवेल या कंपन्यांनी मिळून एक प्रणाली सिद्ध केली. १४ ऑगस्ट १९६८ रोजी कॅलिफोर्नियातील डाउनी येथे तिने सज्ज असल्याचा पहिला संदेश दिला. ती पुढे आयएमएस या नावाने प्रसिद्ध झाली. तीत माहिती वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे रचलेली असे: यंत्राच्या पोटात जोडणी, जोडणीच्या पोटात भाग, भागाच्या पोटात पुरवठादार. प्रोग्रामने अमुक नोंद काढावी, मग तिच्या पुढची काढावी, मग त्याच फांदीखालची त्यापुढची काढावी, अशा क्रमाने चालावयाचे. हे काम अतिशय वेगाने होई, आणि म्हणूनच आयएमएस ही प्रणाली आजही अनेक मोठ्या बँकांत कार्यरत आहे.

बाखमन यांना या पद्धतीचा अभिमान होता आणि तो अनाठायी नव्हता. १९७३ साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या व्याख्यानात त्यांनी कोपर्निकसाचा दाखला दिला. पूर्वी संगणक मध्यस्थानी होता आणि माहिती त्याच्याभोवती फिरे. आता माहिती मध्यस्थानी आली असून प्रोग्राम लिहिणारा तीमधून मार्ग काढणारा नाविक झाला आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नाविकाची ही उपमा त्या काळच्या प्रोग्रामरांना मानाची वाटली असल्यास नवल नाही.

तथापि नाविकाला समुद्राचा नकाशा पाठ असावा लागतो आणि नकाशा बदलला तर त्याने काय करावे, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वीच एका माणसाने उपस्थित केला होता. त्याचे नाव एडगर फ्रँक कॉड. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर १९२३ साली जन्मलेले कॉड दुसऱ्या महायुद्धात वैमानिक होते; युद्धानंतर ते अमेरिकेत येऊन आयबीएममध्ये दाखल झाले. १९७० च्या जून महिन्यात त्यांनी एक लेख प्रसिद्ध केला. माहितीची यंत्रातील अंतर्गत रचना जाणून घेण्याची सक्ती तिचा उपयोग करणाऱ्यावर असता कामा नये, हे त्या लेखाचे मूळ सूत्र होते. आपले म्हणणे पटविण्यासाठी त्यांनी एक साधे उदाहरण घेतले. काही सुटे भाग आहेत, काही कामे आहेत, आणि कोणत्या कामाला कोणता भाग किती नेमून दिला आहे याची नोंद आहे. ही एवढीशी माहिती पाच निरनिराळ्या वृक्षरचनांत मांडता येते, हे त्यांनी दाखविले. मग त्यांनी विचारले की एका ठरावीक कामास लागणाऱ्या सर्व भागांची यादी काढणारा प्रोग्राम यांपैकी एक रचना गृहीत धरून लिहिला, तर इतर रचनांवर तो चालेल काय? उत्तर असे निघाले की तो उरलेल्या चारांपैकी निदान तीन रचनांवर निकामी ठरतो. प्रश्न तोच, माहिती तीच, केवळ मांडणी निराळी. आणि तेवढ्याने प्रोग्राम नव्याने लिहिण्याची पाळी येते.

कॉड यांनी सुचविलेला उपाय दिसावयास अगदी साधा होता. सारी माहिती ओळी आणि स्तंभ असलेल्या तक्त्यांत मांडावी, आणि प्रश्न तक्त्यांविषयी विचारावा. तक्ते यंत्राच्या पोटात कसे साठविले आहेत याच्याशी विचारणाराला कर्तव्य असू नये. परंतु त्यांची स्वतःची परिभाषा गणितज्ञाची होती. तर्कशास्त्रातील चिन्हांनी भरलेली ती सूत्रे सामान्य कारकुनाने कशी लिहावीत?

ही अडचण आयबीएममधील दोन तरुणांनी दूर केली. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी गणिती चिन्हे काढून टाकून साध्या इंग्रजी शब्दांची एक भाषा रचली आणि तिला सीक्वेल असे नाव दिले. कोणते स्तंभ हवेत, कोणत्या तक्त्यातून हवेत आणि कोणत्या अटीवर हवेत, एवढेच तीत सांगावयाचे. हिशेबनीस, अभियंते, वास्तुकार, नगररचनाकार अशा संगणकतज्ज्ञ नसलेल्या लोकांना माहितीशी स्वतः बोलता यावे, ही त्यांची अपेक्षा होती. १९७४ च्या मे महिन्यात मिशिगनमधील ॲन आर्बर येथील परिषदेत त्यांनी हा निबंध सादर केला. दुर्दैवाने पुढल्याच महिन्यात मेंदूतील रक्तवाहिनीच्या विकाराने बॉइस यांचे अकाली निधन झाले; आपल्या भाषेचा जगभर झालेला प्रसार त्यांना पाहता आला नाही. सीक्वेल हे नाव एका ब्रिटिश विमान कंपनीच्या व्यापारचिन्हाशी जुळत असल्यामुळे पुढे ते आखडून एस्क्यूएल करण्यात आले.

त्याच परिषदेत बाखमन आणि कॉड यांच्यामध्ये, दोघांच्या समर्थकांसह, एक जाहीर वादसभा झाली. थेट वाटेच्या पुरस्कर्त्यांचे म्हणणे असे, की तक्त्यांची ही पद्धती फार गणिती आहे, साध्या प्रोग्रामरला ती समजणार नाही आणि ती यंत्रावर पुरेशा वेगाने चालणे अशक्य आहे. उलट पक्षाचे म्हणणे असे, की दुव्यांची पद्धती निष्कारण गुंतागुंतीची असून जे एका वाक्यात विचारता येते त्यासाठी तीत लांबलचक प्रोग्राम लिहावा लागतो. दोन्ही आक्षेपांत तथ्य होते. वेगाचा आक्षेप तर खरोखरच गंभीर होता, कारण चिठ्ठी घेणारा हुशार कारकून अद्याप कोणी घडविलेला नव्हता.

तो घडविण्याचे काम आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर या नावाने चालू झाले. तेथील पॅट्रिशिया सेलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्याचे रहस्य सापडते. मागणी हाती आली की प्रणालीने आधी तक्त्यांची लांबी पाहावी, कोणत्या स्तंभावर सूची आहे ते पाहावे, मग शक्य त्या वाटांचा खर्च मनाशी मांडावा आणि सर्वांत स्वस्त वाट धरावी. किती पाने वाचावी लागतील आणि यंत्राला किती श्रम पडतील यावरून हा खर्च ठरे. याच भागाला पुढे ऑप्टिमायझर हे नाव रूढ झाले. असा प्रकार संगणकाच्या इतिहासात पूर्वीही घडला होता. १९५७ साली जॉन बॅकस यांच्या गटाने फोर्ट्रान भाषा प्रसृत केली तेव्हाही यंत्राने तयार केलेल्या आज्ञा हाताने लिहिलेल्या आज्ञांची बरोबरी करणार नाहीत अशी शंका घेतली गेली होती, आणि अनुभवाने ती बव्हंशी दूर झाली होती.

सिस्टिम आरच्या रचनेतील एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. तीत दोन मजले होते. वरच्या मजल्यावर भाषा होती; खालच्या मजल्यावर एकेक नोंद काढून देणारा थेट इंटरफेस होता. म्हणजे भाषेने थेट वाट बुजविली नाही. ती आपल्या पायाखाली घेतली. फरक इतकाच, की त्या वाटेवरून आता माणसाऐवजी यंत्र चालू लागले. पुढील सर्व घडामोडींची किल्ली या गोष्टीत आहे.

यानंतर भाषेचा प्रसार झपाट्याने झाला. १९७९ साली ऑरेकल ही प्रणाली बाजारात आली. आयबीएमने स्वतःचे एस्क्यूएल-डीएस १९८१ साली आणि डीबी-टू १९८३ साली विक्रीस काढले. १९८६ साली अमेरिकेच्या आणि १९८७ साली आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने एस्क्यूएलला मानक भाषा म्हणून मान्यता दिली. १९८८ साली बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी आयबीएमच्या नियतकालिकात माहितीच्या कोठाराची कल्पना मांडली आणि १९९२ साली विल्यम इनमन यांच्या पुस्तकाने ती सर्वत्र पोहोचविली. रोजच्या व्यवहाराची माहिती एकीकडे ठेवावी. तिचे शुद्ध, एकसूत्री आणि अनेक वर्षांचे संकलन दुसरीकडे करावे. आणि विचारविनिमयासाठी ते संकलन वापरावे, असा तिचा आशय होता.

कोठाराचे वैशिष्ट्य असे, की तेथे विचारले जाणारे प्रश्न आधी ठाऊक नसतात. बँकेच्या खिडकीवर खातेदाराची शिल्लक सांगणे हा ठरलेला प्रश्न आहे. त्यासाठी एकदा उत्तम वाट बांधून ठेवली की ती वर्षानुवर्षे पुरते. परंतु गेल्या तीन वर्षांत कोणत्या जिल्ह्यात कोणत्या मालाचा खप घटला, असे एखाद्या अधिकाऱ्याला आज सुचते, आणि उत्तर पाहिल्यावर उद्या त्यातून दुसरेच काही सुचते. प्रत्येक वेळी नवा प्रोग्राम लिहावयाचा तर उत्तर येईपर्यंत प्रश्नाची निकड संपून जाईल. म्हणून कोठार आणि भाषा यांची जोडी स्वाभाविकपणेच जमली.

तरीही थेट वाटेचा पक्ष संपला नाही, कारण भाषेतही उणिवा होत्या. या महिन्याची विक्री गेल्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून पाहणे, चढत्या क्रमाने बेरीज करीत जाणे, एकूण विक्रीतील प्रत्येकाचा हिस्सा काढणे, या गोष्टी हिशेबाच्या दृष्टीने रोजच्याच. परंतु त्या काळच्या एस्क्यूएलमध्ये त्या लिहिणे मोठे कष्टाचे होते. १९९३ साली खुद्द कॉड यांनीच एका निबंधात सांगितले, की तक्त्यांच्या प्रणाली अशा बहुमितीय पृथक्करणासाठी योजलेल्याच नव्हत्या. तो निबंध एका विक्रेत्या कंपनीच्या साहाय्याने लिहिला गेला होता हे पुढे आल्यावर त्यावर टीका झाली, परंतु त्यात दाखविलेली उणीव खरी होती. यासाठी माहिती घनाकृती रचनेत ठेवणाऱ्या निराळ्या प्रणाली निघाल्या आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी पुन्हा निराळे थेट इंटरफेस आले. काही वर्षांतच भाषा सावरली. नव्या शतकाच्या आरंभी असल्या हिशेबांची सोय तिच्या मानकात करण्यात आली आणि २००३ च्या आवृत्तीत ती पक्की झाली. ऑरेकलनेही १९९५ साली विकत घेतलेली एक्सप्रेस ही बहुमितीय प्रणाली पुढे आपल्या मुख्य डेटाबेसमध्ये सामावून घेतली आणि तिच्यातील माहिती जावा भाषेच्या थेट इंटरफेसने तसेच एस्क्यूएलनेही मिळण्याची व्यवस्था केली. कोणता मार्ग धरावा हा प्रश्न अशा प्रणालीच्या ग्राहकापुढे अगदी नेमक्या स्वरूपात उभा राहिला.

वादाची सर्वांत जोरदार फेरी मात्र यापुढची आहे. २००४ साली गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी मॅपरिड्यूस ही पद्धती प्रसिद्ध केली. हजारो साध्या यंत्रांवर पसरलेली माहिती एकाच वेळी चाळण्यासाठी प्रोग्रामरने केवळ दोन छोटे भाग लिहावयाचे. कामाची वाटणी आणि मध्येच बंद पडलेल्या यंत्रांची काळजी प्रणालीने घ्यावयाची. २००६ साली हडूप या नावाने तिची सर्वांना मुक्त असलेली आवृत्ती निघाली आणि थेट प्रोग्राम लिहिण्याचे युग परत आले असे अनेकांना वाटू लागले. २००८ च्या जानेवारीत डेव्हिड डेविट आणि मायकेल स्टोनब्रेकर या दोन ज्येष्ठ संशोधकांनी ही एक मोठी पीछेहाट असल्याची कठोर टीका केली. पुढील वर्षी त्यांनी सहकाऱ्यांसह १०० यंत्रांच्या समूहावर प्रत्यक्ष परीक्षा घेतली. बहुतेक प्रश्नांत एस्क्यूएल चालविणाऱ्या प्रणाली हडूपपेक्षा पुष्कळ वेगवान ठरल्या. मात्र कच्ची माहिती भरून घेण्यात हडूपने बाजी मारली, हेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले.

निर्णय अखेर वादाने लागला नाही, गरजेने लागला. २००७ च्या सुमारास फेसबुक कंपनीत, जिचे नाव २०२१ साली मेटा झाले, माहितीचा साठा हडूपवर हलविण्यात आला होता. तेव्हा असे आढळले की साधी बेरीज किंवा सरासरी काढावयाची तरी प्रोग्राम लिहावा लागतो, आणि त्यात कित्येक तास, प्रसंगी दिवस जातात. ज्यांना प्रश्न विचारावयाचे होते त्यांना प्रोग्राम येत नव्हते. ज्यांना प्रोग्राम येत होते त्यांना इतरांचे प्रश्न सोडवून सवड मिळत नव्हती. तेथील जयदीप सेन सर्मा, आशिष थुसू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाइव्ह ही प्रणाली रचली. तीत मनुष्याने एस्क्यूएलसारख्या भाषेत विचारावे आणि प्रणालीने त्याचे मॅपरिड्यूसच्या आज्ञांत रूपांतर करावे, अशी योजना होती. गूगलच्या ड्रेमेल या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रणालीतही प्रश्न विचारण्यास एस्क्यूएलच्याच वळणाची भाषा होती. सिस्टिम आरच्या दुमजली घराचीच ही नवी बांधणी होती. थेट वाट पुन्हा एकदा भाषेच्या पायाखाली गेली.

२०१५ साली बर्कलीच्या परंपरेतून आलेल्या स्पार्क प्रणालीने या समेटाला आणखी निराळे रूप दिले. तीत प्रोग्रामरने आपल्या नेहमीच्या भाषेत, म्हणजे पायथन किंवा स्काला यांत, तक्त्यांवरील क्रिया लिहाव्यात किंवा दुसऱ्याने तेच एस्क्यूएलमध्ये सांगावे. दोन्ही मागण्या अखेर एकाच ऑप्टिमायझरच्या हाती जातात. अर्थात प्रोग्रामिंग इंटरफेस म्हटला की वाट स्वतः काढावी लागते, हे पूर्वीचे समीकरण आता सर्वत्र लागू नाही. निवड करणाऱ्याने नावाकडे न पाहता मागणी सांगितली जात आहे की वाट, हे पाहावयास हवे.

भाषेच्या मर्यादा तरीही उरतात. ऑप्टिमायझरचा अंदाज चुकला तर क्षणात येणारे उत्तर तासभर रखडते. म्हणूनच अनेक विक्रेत्यांनी मागणीच्या कडेला वाटेची सूचना लिहिण्याची सवलत ठेवली आहे. चिठ्ठीवर मागणीबरोबर कपाटाचा क्रमांकही टाकावा, तशातलाच हा प्रकार. दुसरी मर्यादा वाहतुकीची. यंत्राला शिकविण्यासाठी किंवा संख्याशास्त्रीय पृथक्करणासाठी जेव्हा कोठारातील कोट्यवधी ओळी जशाच्या तशा बाहेर न्यावयाच्या असतात, तेव्हा प्रश्नोत्तरांसाठी बांधलेली जुनी खिडकी अपुरी पडते. मार्क रासवेल्ट आणि हानेस म्यूलायझन यांनी २०१७ साली दाखवून दिले की अशा प्रसंगी पुष्कळसा वेळ उत्तर शोधण्यात न जाता ते ओळीओळीने बांधून पोहोचविण्यात जातो. म्हणूनच आजची मोठी कोठारे संपूर्ण स्तंभ एकरकमी उचलून नेण्यासाठी निराळे थेट इंटरफेस देतात. जेथे प्रश्न असा काही नसून सारा मालच हलवावयाचा आहे, तेथे चिठ्ठ्या लिहीत बसण्यात अर्थ नसतो. गाडी आत नेलेलीच बरी.

या साऱ्या इतिहासातून व्यवहारास उपयोगी असा एक निकष निघतो. प्रश्न कायमचा ठरलेला असेल, वेगाची निकड असेल, किंवा साठाच्या साठा उचलावयाचा असेल, तर थेट वाट योग्य. परंतु मांडणी बदलेल त्या दिवशी ती वाट दुरुस्त करणारा जाणता मनुष्य जवळ असला पाहिजे. प्रश्न नवनवे असतील, विचारणारे अनेक असतील आणि कोठाराची मांडणी बदलत राहणार असेल, तर मागणीची भाषाच हितावह. थेट वाटेचा खर्च आरंभी कमी दिसतो आणि पुढे प्रत्येक बदलागणिक वसूल होतो. भाषेचा खर्च हुशार कारकून घडविण्यात आधीच होऊन गेलेला असतो.

चेंबरलिन आणि बॉइस यांची आशा संपूर्णपणे फळास आली असे म्हणता येणार नाही. हिशेबनीस आणि नगररचनाकार यांच्यापेक्षा प्रोग्रामरच त्यांच्या भाषेचे अधिक उपयोजक झाले. तथापि ज्याला यंत्राच्या पोटातील कपाटांची मांडणी ठाऊक नाही त्यालाही थोड्याशा अभ्यासाने आपला प्रश्न आपणच विचारता यावा, ही सोय त्या भाषेने उपलब्ध करून दिली आणि पन्नासांहून अधिक वर्षे टिकवून धरली. माहिती ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती सत्ता असते हे सर्वमान्य आहे. ती माहिती विचारण्याची वाट मोजक्या नाविकांच्याच हाती राहावी की इतरांनाही खुली असावी, हे प्रत्येक संस्था इंटरफेस निवडताना कळत नकळत ठरवीत असते. म्हणून तो निर्णय केवळ वेगाच्या आकड्यांवर सोपविता येत नाही. उद्या कोण काय विचारणार आहे, याचाही विचार त्यात करावा लागतो.